गुंतवळ

"पाच डोकी लागतील, हेमलताताई. साडेचार चालायची नाहीत."

असं म्हणून ॲडव्होकेट पटवेगार उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला. मार्च सरत आलेला, कोल्हापुरातलं ते ऑफिस पत्र्याच्या माडीवरचं, दुपार तर नुसती भाजून काढणारी. तरी बंद केला. समोर बसलेल्या बाईच्या गालाला वारा लागला की काय होतं, हे एव्हाना त्यांना चांगलं माहीत झालं होतं.

हेमलता मगदूमने गालावरचा स्कार्फ जरा सैल केला. मिरजेत तिचं औषधांचं दुकान होतं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना आपल्या गोळ्यांची नावं यायची नाहीत, हेमलताला यायची. अशी बाई वकिलाच्या दारात गुन्हेगारासारखी अंग चोरून बसली होती, आणि कारणही तसंच होतं.

तिची मैत्रीण जयमाला बिरनाळे तुरुंगात होती. जयमाला लेकीचं बाळंतपण करायला परदेशी गेली, जाताना डबाभर मेतकूट घेऊन गेली, आणि जानेवारीच्या शेवटी परत आली तेव्हा त्याच डब्यात झेलविनचे दाणे होते. तपासणीच्या कुत्र्याला वास आला नाही. पण विमानतळावरचं नवं यंत्र डब्याच्या आरपार बघतं, आणि त्याला मेतकूट आणि झेलविन यांतला फरक कळतो.

आता हे झेलविन म्हणजे काय ते सांगायला हवं. हेमलता, जयमाला आणि आणखी तिघं, यांना एकच दुखणं होतं. चेहऱ्याची नस बिघडते. मग दात घासताना, घास चावताना, नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी गालात अशी कळ उठते की माणूस भिंतीवर डोकं आपटून घेईल. मिरजेच्या एका दवाखान्याच्या बाकड्यावर, डॉक्टरांची वाट बघता बघता, या पाचांची ओळख झाली. इथली औषधं थकली होती. झेलविन तिकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळायचं. जिभेखाली एक पांढरा दाणा ठेवला की कळ दिवसभर गप्प. पण हेच दाणे मूठभर खाल्ले तर नशा चढते, म्हणून आपल्याकडे बंदी. मूठभर खाणाऱ्यांपायी एक खाणाऱ्यांचंही तोंड बंद झालं.

मग या पाचांनी काय करावं? भिशी लावली. पैशाची नव्हे, फेरीची. ज्याच्या घरचं कुणी परदेशी जाईल त्याने येताना पाचांसाठी वर्षाचे दाणे आणायचे. आपल्याकडे कुणी तिकडून येणार म्हटलं की "येताना तेवढं घेऊन ये" हे ठरलेलंच असतं, कुणी चॉकलेटं मागतं, कुणी घड्याळ. यांनी औषध मागितलं. दाणे थंड जागी ठेवावे लागत, म्हणून साठा हेमलताच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये राही. आपण गुन्हा करतोय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण दुखणारा गाल कायदा विचारत नाही.

"पूर्वीचा कायदा असता तर मी तुम्हाला बोलावलंच नसतं," पटवेगार म्हणाल्या. "पूर्वी नुसतं वजन बघायचे. अमुक ग्रॅमच्या आत तर खाणारा, वर गेला की विकणारा. आता केसघड्याळ आलंय."

केसघड्याळाबद्दल हेमलताने वाचलं होतं. माणसाचा केस रोज आपल्याच जाडीच्या चार-पाच पट वाढतो, आणि त्या दिवशी रक्तात जे असेल ते त्या दिवसाच्या वाढीत अडकून बसतं. रक्त आठवड्यात विसरतं, लघवी त्याच्याही आधी. केस विसरत नाही. यंत्र लेझरने केस टोकापासून मुळापर्यंत जाळत जातं आणि निघालेल्या वाफेतले रेणू वजनावरून ओळखतं. नुसतं औषध नाही, शरीराने ते पचवून बनवलेला चोथाही मोजतं. त्यामुळे वरून पूड लावून यंत्राला फसवता येत नाही. शेवटी पडद्यावर एक रेघ उमटते. कोणत्या दिवशी या देहाने किती घेतलं, त्याची रेघ.

या रेघेवर नवा कायदा उभा होता. एका देहाला वर्षभर लागेल तेवढाच माल आणला असेल तर तो स्वतःपुरता. शिक्षा फार तर वर्षाची, नाहीतर नुसता उपचार. त्याच्या वर गेलात की व्यापार. आणि व्यापाराला दहा वर्षं, त्याच्या खाली न्यायाधीशालाही उतरता येत नाही. अनेकांनी मिळून आणलं असेल तर वाटणी डोक्यांवर होते; फक्त त्या डोक्यांनी कोर्टात येऊन केस द्यायचा.

"जयमालाताईंच्या डब्यात पाचांचं वर्षाचं होतं. तात्या गुरव आणि छायाताई पहिल्याच आठवड्यात येऊन केस देऊन गेले. त्या स्वतः धरून तीन. तुम्ही चौथ्या." पटवेगार थांबल्या. "आणि रजनी कुंभोजकर तर गेल्या. त्यांचा मुळासकट एखादा केस मिळाला असता, तरी मी कोर्टापुढे ठेवला असता. पण सासूबाईंनी उशी, चादरी, फणी, सगळं काढून टाकलंय. मी विचारून आले."

"म्हणजे मी आले तरी चारच," हेमलता म्हणाली.

"चारच. पण तुम्ही आलात तर मी काहीतरी भांडू शकते. नाही आलात तर भांडायलाही काही उरत नाही. जयमालाताईंनी पोलिसांना तुमचं नाव सांगितलेलं नाही, फक्त मला सांगितलंय. तुम्हाला कुणी ओढून आणू शकत नाही."

हेमलताने मान हलवली. विचार करून सांगते म्हणाली. असं म्हणणारा माणूस बहुधा विचार करून आलेला असतो.

घरी बाहुबलीने, तिच्या नवऱ्याने, सगळं शांतपणे ऐकलं. तो दुकानाचा हिशेब बघायचा, डोक्याने थंड माणूस.

"लायसन जाईल हे तर आहेच," तो म्हणाला. "ते जाऊ दे. पण तू गेलीस तर सरकारी वकील काय म्हणणार? टोळीत एक मेडिकलवाली आहे, माल तिच्या दुकानात ठेवत होते. म्हणजे विक्री. अगं, तू जाऊन जयमालावहिनींचं भलं करणार नाहीस, त्यांच्या पायात आणखी एक बेडी घालशील."

"आणि चारच डोकी होतात."

"तेच तर. उपयोग शून्य."

बोलणं बिनतोड होतं. माणसाला न जाण्याचं असं खणखणीत कारण मिळालं की झोप लागावी. हेमलताला लागली नाही. कारण तिचं खरं कारण लायसन नव्हतं, आणि बाहुबलीला ते माहीत नव्हतं.

खरं कारण रजनी होतं.

रजनीचं घर दुकानापासून लांब, आणि थंडीत तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता यायचं नाही. म्हणून तिच्या वाटणीची पुडी हेमलता नेऊन द्यायची. गेल्या थंडीत हेमलताची स्वतःची कळ वाढली. एका दाण्याने भागेना. दुसरा घेतला, तेव्हा कुठे पोळीचा घास चावता आला. पण रोज दोन घेतले तर आपली वाटणी जयमाला येईपर्यंत पुरणार नव्हती. मग फ्रिजमध्ये रजनीची पुडी होती. हेमलताने ती फोडली आणि रजनीला फोन केला. "साठा संपलाय गं, जयमाला येईपर्यंत थोडी कळ काढ." रजनी म्हणाली, "बरं." रजनीचा स्वभावच तसा, बरं म्हणायचा.

रजनीने कळ काढली. चावता येईना म्हणून पेज प्यायली, पेजेचा चमचाही ओठाला लागवेना तेव्हा तीही सोडली. दोन महिन्यांत बाई अर्धी झाली. पौषात एका सकाळी सासूने हाक मारली तर उठली नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. हेमलता मातीला गेली, रजनीच्या सासूच्या गळ्यात पडून रडली, आणि ते रडणं खोटं नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन तिने उरलेल्या पुडीतला दाणा जिभेखाली ठेवला, हेही खरं.

आता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं फक्त दोघींच्या केसांना; त्यातली एक जळून गेली होती.

तुरुंगात भेटीच्या खिडकीपलीकडे जयमाला आली तेव्हा हेमलताने आधी तिला ओळखलंच नाही. डोक्यापासून हनुवटीपर्यंत शाल घट्ट बांधलेली, आणि बोलताना फक्त ओठांची डावी बाजू हलत होती. जयमाला म्हणजे हसली की तीन घरं ऐकू जाणारी बाई.

"आलीस," ती म्हणाली. "तुझं नाव मी घेतलेलं नाही. घेणारही नाही. यायचं का नाही ते तुझं तू बघ, दुकान आहे तुझं, पोरं शिकतायत. रजनीला तेवढी नको आणू कोर्टात. तिला वारा सोसत नाही."

बातमी सांगायचं काम वकीलबाईंनी हेमलतावर ढकललं होतं.

"जयमाला, रजनी गेली."

"कुठं गेली?"

"गेली. पौषात. तू यायच्या तीन आठवडे आधी."

जयमालाने शाल मुठीत धरली. शालीच्या आत तिचा श्वास तेवढा जोरात ऐकू येत होता. मग म्हणाली, "मला कळवलं का नाहीस?"

"तुझ्या लेकीला दिवस भरत आले होते, मग बाळ झालं. बाळंतिणीच्या घरात असली बातमी कशी द्यायची? सगळेच म्हणाले, आल्यावर सांगू."

"सगळे म्हणाले का तू म्हणालीस?"

"मी म्हणाले. त्यांनी हो म्हटलं."

"अगं, एवढं कळवलं असतंस तर तिच्या वाटणीचं मी आणलंच नसतं. चारांचंच आणलं असतं. चारांचं आणलं असतं तर मी आज इथं..." तिला कळ आली. तिने खिडकीची कड धरली, डोळे मिटले, आणि कितीतरी वेळ ती नुसती हलत राहिली. पहारेकरीण पुढे झाली, तिला जयमालाने हातानेच थांबवलं. कळ ओसरल्यावर तिने विचारलं, "गेली कशानं?"

"खात नव्हती."

"का खात नव्हती? मी गेले तेव्हा तिची अख्खी पुडी होती की तुझ्या फ्रिजमध्ये."

"संपली," हेमलता म्हणाली.

जयमालाने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय होता का नुसतं दुखणं होतं, हे हेमलताला कळलं नाही. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा मात्र ती सुटल्यासारखी उठली, आणि उठल्याबद्दल तिला स्वतःची किळस आली.

रजनी गेल्यापासून तिच्या सासूच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या दर महिन्याला हेमलताच नेऊन द्यायची. आक्का म्हणत त्यांना सगळे. सोसायटीत तळमजल्यावर दोन खोल्या, मुलगा पुण्याला नोकरीला, नातू त्याच्याजवळ. रजनी असताना दोघी सासवासुना त्या दोन खोल्यांत एकमेकींच्या आधाराने राहायच्या. आता आक्का एकट्या.

"बस, चहा टाकते," आक्का म्हणाल्या. "तू तोंडाला गार करून पितीस न्हवं? तिच्यासारखंच."

चहा होतोय तोवर गल्लीत आरोळी आली. "केसावर भांडीऽऽ, डोईचे केस द्याऽऽ, भांडी घ्याऽऽ." आता ह्या बायका बॅटरीच्या तीनचाकीवरून येतात आणि आरोळी भोंग्यात भरून आणतात, पण धंदा तोच. विंचरताना फणीत आलेले केस बायकांनी साठवायचे आणि त्यावर पातेलं नाहीतर गाळणी घ्यायची. त्या केसांचे पुढे टोप होतात म्हणे.

"आली बया," आक्का म्हणाल्या. "संक्रांतीला आलीच नव्हती." आणि न्हाणीच्या दारामागच्या फळीवरून त्यांनी प्लॅस्टिकची बरणी काढली.

बरणीत गुंतवळ होतं. विंचरून झालं की रजनी ते बोटाभोवती गुंडाळायची आणि बरणीत टाकायची; अशा गुंडाळ्याच गुंडाळ्या, एकावर एक, अगदी वर शेवटची. लांब, काळे केस. रजनीने कधी कलप लावला नव्हता.

हेमलताच्या हातातला गोळ्यांचा डबा तसाच राहिला.

"तिच्या सगळ्या वस्तू दिल्या, ही बरणी ध्यानातच न्हाई आली," आक्का सांगत होत्या. "काल न्हाताना दिसली. बघवत न्हाई गं. दिऊन टाकते."

भांडीवालीने गाडी दारात लावली, बरणी हातात घेतली, वरची गुंडाळी उलगडून उजेडात धरली. "बेस हाईत केस. कलप न्हाई. काही काही मुळापासनं निघाल्यात बघा. आजारी हुती का बाई?" मग तिने काटा काढला आणि बरणी उलटी करायला हात वर नेला.

हेमलताला सगळं एकदम दिसलं. सगळे केस झडलेले नसतात. काही ओढून निघतात, जिवंत मुळासकट. त्या मुळावरून यंत्र ओळखणार की ही रजनी, पुण्यातल्या तिच्या पोरावरून खात्रीही करून घेणार. पाचवं डोकं मिळालं. आणि त्याच केसात शेवटचे दोन महिने कोरडे असणार, हेही दिसलं. काही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. भांडीवाली केस घेऊन जाईल, आक्कांना एक गाळणी मिळेल, जयमालाला दहा वर्षं मिळतील, आणि चारच डोकी होतात हे बाहुबलीचं म्हणणं कायमचं खरं राहील.

काट्यावर पहिली गुंडाळी पडली. दुसरी पडली.

तुझं नाव मी घेतलेलं नाही, असं जयमाला म्हणाली होती. त्या तसल्या कळेतही म्हणाली होती.

"आक्का, देऊ नका," हेमलता म्हणाली.

"का गं?"

"मला द्या. जयमालाला सोडवायला लागणार आहेत." आणि काट्यावरच्या दोन गुंडाळ्या तिने उचलून पुन्हा बरणीत टाकल्या. भांडीवाली चांगलीच वैतागली, तेव्हा हेमलताने आपल्या पिशवीतून काहीतरी देऊन तिला वाटेला लावलं.

"रजनीचे केस कोर्टात?" आक्कांनी विचारलं. त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी बरणी पदराने पुसली. "मग मी बी येते. माझ्या सुनेचं काही कोर्टात जाणार तर मी घरात कशी बसू?"

हेमलता त्यांना येऊ नका म्हणणार होती. पण कोणत्या तोंडाने म्हणणार.

कोर्टात हेमलताच्या कानामागची बट तंत्रज्ञाने कापली, पाकिटात घातली, सही घेतली. सगळं एखाद्या पार्लरसारखं सहज. पंधरवड्याने प्रयोगशाळेचे निकाल थेट न्यायाधीशांकडे आले. आधी कुणालाच दाखवायचे नाहीत असा नियम. त्या सकाळी बाहुबली तिच्याबरोबर आला, पण गाडीतून उतरला नाही. "मी इथंच बसतो," म्हणाला. तिने त्याला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून तो तिच्याशी तेवढंच बोलला होता.

सरकारी वकील धनवडे हे मृदू बोलणारे गृहस्थ. मृदू बोलणाऱ्या वकिलाची जास्त भीती बाळगावी.

"हेमलताबाई, आपला व्यवसाय?"

"औषधांचं दुकान."

"साठा कुठे असायचा?"

"दुकानातल्या फ्रिजमध्ये."

"चावी?"

"माझ्याकडे."

"छान." त्यांनी पडद्याकडे हात केला. "ही रजनी कुंभोजकरांची रेघ. त्या या पाचांतल्याच होत्या, हे मी मान्य करतो. आरोपीला त्यांच्या मृत्यूची बातमी नव्हती, हेही क्षणभर मान्य करतो. पण रेघ बघा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रोज. मग एकदम सपाट. मरेपर्यंत सपाट. रजनीबाईंच्या वाटणीचे दाणे तर फ्रिजमध्ये होते, दोन महिन्यांचे. त्यांच्या पोटात गेले नाहीत. मग कुठे गेले? औषधांच्या दुकानातून, हेमलताबाई, वस्तू बहुधा कुठे जातात?"

पटवेगारांनी झटकन हेमलताकडे बघितलं. त्यांना हे नवीन होतं. आरोपीच्या पिंजऱ्यात जयमाला उभी राहिली. आणि मागच्या बाकावर आक्का, ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर रिकामी पिशवी घेऊन बसल्या होत्या. पडद्यावरची रेघ त्यांना कळत होती का नव्हती, देव जाणे. 'सपाट' हा शब्द कळला होता.

खोटं अगदी हाताशी होतं. तिनेच नको म्हटलं, असं सांगायचं. घेऊन कंटाळली होती म्हणायचं. मेलेलं माणूस उलट बोलायला येत नाही. पण मग प्रश्न तिथेच राहिला असता, दाणे गेले कुठे, आणि धनवडेंनी त्याचं उत्तर 'गिऱ्हाइकाला' असं लावून टाकलं असतं. जयमालाला दहा वर्षं. हेमलताच्या गालात कळ उठत होती, ती तिने उठू दिली.

"विकले नाहीत," ती म्हणाली.

"मग?"

"मी खाल्ले."

धनवडे हसले. "हे सांगायला सोपं आहे, बाई."

"तिची पुडी मी फोडली. तिला फोन करून सांगितलं, साठा संपलाय म्हणून. संपला नव्हता. माझी कळ एका दाण्यानं थांबत नव्हती, म्हणून मी तिचे खाल्ले. रोज. ती मेली त्या दिवशीसुद्धा."

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "साक्षीदारांची स्वतःची रेघ आलेली आहे ना? दोन्ही एका पडद्यावर घ्या."

तंत्रज्ञाने घेतल्या. लाल रेघ रजनीची, निळी हेमलताची. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दिवशी लाल रेघ खाली कोसळली होती, आणि त्याच दिवशी निळी तेवढीच वर चढली होती. पुढे दोन्ही तशाच गेल्या, दिवसामागून दिवस, एक जमिनीवर आणि एक दुप्पट उंचीवर, लाल जिथे संपली तिथपर्यंत. त्यात एका दाण्याचीही तूट नव्हती. एक दाणा जरी कुणाला विकला असता तर निळी तेवढी उंच गेली नसती.

धनवडेंनी हातातले कागद मिटले. मग, "आणखी प्रश्न नाहीत," असं म्हणून बसले.

निकाल दुपारी झाला. पाचांचा एकत्रित वापर, व्यापाराचा पुरावा नाही. जयमालाने तुरुंगात काढलेले दिवस तेवढी शिक्षा, पुढे सरकारी दवाखान्यात उपचार. बाकी तिघांनाही उपचार. हेमलताच्या परवान्याचे कागद वेगळे पाठवायचे. सही करण्याआधी न्यायाधीश थांबले. "रजनी कुंभोजकर यांच्या बाबतीत जे झालं," ते म्हणाले, "त्याला या कायद्यात कलम नाही. साक्षीदारांना हे न्यायालय त्याबद्दल काही करू शकत नाही." हेमलताला वाटलं, काहीतरी करा. काहीही करा.

बाहेर व्हरांड्यात तात्या आणि छाया तिच्या शेजारून गेले, थांबले नाहीत. पटवेगार वकीलबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग हवालदारणीबरोबर जयमाला आली. ती थांबली.

"वाचवलंस मला," ती म्हणाली. शालीतून तिचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते भरले होते. "आणि तुझं तोंड बघवत नाही मला. दोन्ही एकदम कसं सोसायचं गं?"

जयमाला कागदावर सह्या करायला निघून गेली.

आक्का शेवटी आल्या. कोर्टाने उरलेलं गुंतवळ परत दिलं होतं. बरणी आता त्यांच्या पिशवीत होती. त्या हेमलतासमोर उभ्या राहिल्या. हेमलता बाकावरून उठली आणि त्यांच्या पाया पडायला वाकली. आक्का एक पाऊल मागे सरकल्या.

"शिव्या द्या आक्का," हेमलता म्हणाली. "मारा मला."

"शिव्या कशाला देऊ." आक्कांचा आवाज चढला नाही. "तुला एक सांगायचं हुतं. शेवटी शेवटी तिला बोलवत नव्हतं. पर दारात चपलांचा आवाज झाला की डोळं उघडायची आन मला खुणेनं इचारायची, हेमलता आली का म्हणून."

हेमलताने बाकाची पाठ धरली.

"मी सांगायची, यील गं," आक्का म्हणाल्या. "दुकानात गर्दी आसंल."

मग त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि एकेक पायरी जपून उतरत त्या फाटकाकडे गेल्या. व्हरांड्यात वारा सुटला होता. हेमलताचा स्कार्फ गळ्यात होता, तो तिने वर ओढला नाही.